तासाला बसू का?

शेजारणीनं विरजण मागावं इतक्या सहज त्या विचारायच्या, "तासाला बसू का?" आणि आमच्या स्टाफरूममध्ये चहाचे कप हातातच राहायचे.

कारण दुसऱ्याच्या तासाला बसायची आमच्याकडे रीतच नव्हती. तपासणीला साहेब आले तर ते मागं बसायचे, तेही जरा वेळ आणि मोबाईल बघत. एरवी वर्गाचं दार एकदा लोटलं, की आतलं राज्य ज्याचं त्याचं. कोण कसं शिकवतं हे आम्हाला मुलांच्या नकलांवरून कळायचं, तेवढंच.

या बाई भूगोलाच्या. स्वतःचा तास नसला, की इतर शिक्षक वह्या तपासत किंवा डुलकी काढत. या मात्र कुणाच्या ना कुणाच्या वर्गात जायच्या. खुर्ची दिली तर घ्यायच्या नाहीत. सरळ मुलींच्या बाकावर जाऊन "सरक जरा" म्हणायच्या आणि अंग चोरून बसायच्या. उंच, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. बाकात त्यांचे गुडघे मावायचे नाहीत, म्हणून त्या आडव्या बसायच्या, भिंतीला पाठ लावून. त्यामुळं शिकवणारा त्यांच्या डोळ्यांसमोर नसायचाच. त्या बघायच्या मुलांकडं.

हातात पेन नाही, कागद नाही. तास संपला की बाहेर व्हरांड्यात म्हणायच्या, "मला हे दिसलं," आणि दोन-तीन गोष्टी सांगायच्या. चांगलं म्हणायच्या नाहीत, वाईटही नाही. कुणी न राहवून विचारलंच, "पण बाई, तास कसा झाला?" तर म्हणायच्या, "ते मला कसं कळंल? ते पोरांना विचारा."

शाळा भवानीनगरच्या अलीकडं, रस्त्याला लागून. वर्गाच्या खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं आणि गाळप सुरू झालं की मळीचा वास डब्यातल्या भाजीलाही यायचा. मी बारामतीची. आमचं तिथं भांड्यांचं दुकान आहे. विज्ञान शिकवायला मी नुकतीच लागले होते, एसटीनं ये-जा करायची. बाई कोऱ्हाळ्याच्या. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, वडिलांनी ऊस लावला. त्यांच्या नजरेचं कौतुक करताना कुणीतरी म्हणालं, मेंढरं राखायची सवय रक्तात आहे. बाई म्हणाल्या, "मी एक मेंढरू राखलेलं न्हाय. सायकलवर शाळंला जायचे मी. तुमी बघितलं न्हाय म्हणून काय बी जोडू नका."

डबा त्या चालत खायच्या. भाकरीत भाजी घालून गुंडाळी करायची आणि मैदानाला फेऱ्या मारायच्या. माझे रोजे असायचे तेव्हा त्या पार दूर, गोलपोस्टच्या पलीकडं जाऊन खायच्या. मी म्हटलं, माझ्यासाठी एवढं करू नका. "तुमच्यासाठी कुठं? तिकडं वारं लागतं," म्हणाल्या.

माझ्या तासाला त्या पहिल्यांदा बसल्या तेव्हा मी उकळणं शिकवत होते. तास माझ्या मते उत्तम झाला. मी एकदाही अडखळले नाही. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "मॅडम, मला हे दिसलं. तुमी प्रश्न विचारता आणि उत्तर बी तुमीच देता. सगळ्या तासाला तसं झालं. पाणी उकळताना आच चालूच असती, तरी तापमान का वाढत न्हाय, असं तुमी विचारलंत. तवा खिडकीजवळच्या पोरीनं तोंड उघडलं हुतं. तुमी उत्तर दिलं, तिनं मिटलं."

"मग मी काय करायला हवं होतं?"

"ते मला न्हाय ठाऊक. ती काय बोलणार हुती, तेवढं माझ्या डोक्यात राहिलंय."

एवढं बोलून त्या निघून गेल्या. मला फार लागलं. घरी जाऊन अब्बांना सांगितलं. मला वाटलं ते माझी बाजू घेतील. ते पातेली लावत होते. म्हणाले, "गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं. भांड्यानं रागवायचं नसतं."

दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि गप्प उभी राहिले. वर्गात शिक्षकानं गप्प उभं राहणं किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. मुलं माझ्याकडं बघत होती, मी मुलांकडं. कुणीतरी खोकलं. खडू हातात घामेजला. उत्तर माझ्या जिभेवर येऊन बसलं होतं. अखेर खिडकीजवळची ती मुलगी उठली.

"मॅडम, आमच्या मामाचं गुऱ्हाळ हाय. काहिलीत रस रटारटा उकळत असतो तवर करपत न्हाय. पाणी आटून काकवी झाली की मग लगीच करपतो. मग पाणी हाय तवर ती आच जाती कुठं?"

धडा संपायला आला तरी पुस्तक जिथं पोहोचत नव्हतं, तिथं ही मुलगी उभी होती. मी पळत जाऊन बाईंना सांगितलं. त्यांनी मला शाबासकी दिली नाही, स्वतःकडं श्रेयही घेतलं नाही. डोळे बारीक करून विचारलं, "मग जाती कुठं?" त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी समजावत राहिले, त्या शंका काढत राहिल्या, आणि त्या नादात आमच्या दोघींची एसटी गेली.

सगळ्यांना हे मानवत नव्हतं. बरेच जण त्यांना मागून 'कॅमेरा' म्हणायचे. पुढं शाळेत खरेच कॅमेरे बसले तेव्हा कुणीतरी म्हणालं, एक तर आधीपासून होताच. सगळ्यात जास्त बाईच हसल्या. मग वर्गातल्या कॅमेऱ्याखाली उभ्या राहून त्यांनी तो कुठं बघतो ते नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यो बी मास्तरकडंच बघतोय. उलटा लावलाय."

पण चेष्टेपलीकडंही काही होतं. त्या मुख्याध्यापकांच्या कानाला लागतात, अशी कुजबुज होती. हळदीकुंकवाला त्यांना बोलावणं विसरलं जायचं. एक शिक्षिका तर त्यांना बघितलं की मुलांना वाचायला लावून खुर्चीत बसायच्या, म्हणजे बघायला काही नकोच. बाईंना हे कळत नव्हतं असं नाही. रस्त्यावर एसटीची वाट बघताना मी एकदा विचारलं, की मग कशाला करता हे? त्या उसाच्या ट्रॉल्या बघत म्हणाल्या,

"बाया एकमेकीच्या घरी जात्यात ते काय शिजतंय बघायलाच ना? मला वर्गात काय शिजतं ते बघावं वाटतं. आपुन इतकी वरसं शेजारी-शेजारी शिकवतो आन् एकमेकाच्या वर्गातलं काय बी ठाऊक न्हाय. तुमाला नवल न्हाय वाटत?"

मध्ये एकदा वरून आदेश आला, की शिक्षकांनी एकमेकांचे तास बघून अभिप्राय द्यावेत. मुख्याध्यापकांनी छापील फॉर्म वाटले. आम्ही स्टाफरूममध्येच बसून एकमेकांना 'उत्तम' देऊन टाकलं, तास न बघता. बाई मात्र हिंदीच्या सरांच्या तासाला बसल्या आणि लिहिलं, "पंखा खडखडतो, मागच्या रांगांना ऐकू येत नाही. पंखा बंद केल्यावर सरांचा आवाज गोड आहे असे मुलांना समजले." मुख्याध्यापकांनी त्यांना बोलावून सांगितलं, "बाई, अभिप्राय मागितलाय, पंख्याची तक्रार नव्हे." बाई म्हणाल्या, "अभिप्राय मला जमत न्हाय सर, दिसलेलं जमतं." पंखा दुरुस्त झाला. हिंदीचे सर मात्र बरेच दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

एकच वर्ग असा होता जिथं बाईंना शिरता आलं नव्हतं. गणिताच्या सरांचा.

सर निवृत्तीला आलेले. बाई याच शाळेत शिकल्या होत्या, सरांच्याच हाताखाली. आम्ही सगळे त्यांना 'बाई' म्हणायचो, सर एकटे नावानं हाक मारायचे, अगं-तुगं करायचे. दरवर्षी शाळा सुरू झाली की बाई विचारायच्या, "सर, तासाला बसू का?" आणि सर म्हणायचे, "अगं, तुला पाढे मी शिकवले. माझा तास काय बघणार तू?" वर्गात गेले की सर दाराला आतून कडी घालायचे. उन्हाळ्यातसुद्धा. मला त्यांच्या शिस्तीचा धाकच होता. आमच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायचे ते गाणी मोठ्यानं लावून. एक ट्रॅक्टर गेला की सगळी शाळा शिकवायची थांबायची. सर थांबायचे नाहीत. आतून त्यांचा आवाज तसाच संथ चालू असायचा. मी मनात म्हणायचे, एकाग्रता असावी तर अशी.

आणि एके दिवशी सर आपणहून बाईंच्या टेबलाशी आले. स्टाफरूम भरलेली होती. म्हणाले, "उद्या नववीच्या तासाला बस. मॅडम, तुम्हीपण या." मग म्हणाले, "वर्ग अलीकडं फार शांत झालाय. मला कारण कळत नाही."

त्या तासाला मी मागं बसले, बाई मुलींच्यात. मी जे बघितलं ते असं: समीकरणांचा इतका स्वच्छ तास मी बघितला नव्हता. गडबड नाही, बडबड नाही. सर विचारायचे, क्ष ची किंमत किती? आणि मुलं तोंडानं न बोलता बोटं वर करायची. उत्तर वजा असलं की बोटं खाली. अपूर्णांक असला की आधी अंशाची बोटं, मग हात आडवा, मग छेदाची बोटं. उत्तर लांबलचक असलं की पुढच्या बाकावरची एक मुलगी उठून फळ्यावर लिहून यायची. मला ही पद्धत फार आवडली. उद्यापासून आपणही करावी, असं मी ठरवूनही टाकलं.

नंतर आम्ही माझ्या प्रयोगशाळेत बसलो, कारण तिथं कुणी येत नसे. एरवी बाई वर्गाबाहेर पाऊल पडलं की बोलायला लागायच्या. त्या दिवशी त्यांनी आधी स्टूल उचललं आणि सरांच्या अगदी समोर ठेवलं, आपलं तोंड उजेडाकडं येईल असं. मग सावकाश म्हणाल्या, "सर, मला हे दिसलं. पोरं बोटांनी उत्तरं देत्यात. तुमी शिकवलं का त्यांना?"

"नाही. त्यांनीच सुरू केलं. मला वाटलं, खेळ आहे त्यांचा."

"दुसऱ्या कुणाच्या तासाला करत न्हाईत."

सर म्हणाले, "अजून?"

"ट्रॅक्टर गेला. गाणं लावलेलं हुतं. पोरं थांबली. तुमी थांबला न्हाईत."

मी त्या दोघांकडं बघत राहिले, आणि माझ्या लक्षात आलं. मी एकाग्रता म्हणत होते, ते ऐकू न येणं होतं.

सरांनी बोटांवरचा खडू रुमालानं पुसला, पुन्हा पुसला. "कधीपासून माहीत आहे त्यांना?"

"ते मला दिसलं न्हाय. पर वजाची, अपूर्णांकाची खूण ठरलीय म्हणजे आजकालचं न्हाय."

"मुलं कुणाला बोलली का?"

बाईंनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सर, मी त्याच मुलांना रोज शिकवते. मला आत्ता कळलं." आणि ते खरंच होतं. पालकांच्या कानावर गेलं असतं तर ते गावातून उठून आले असते, पुढच्या वर्षी दहावी आहे, दुसरा मास्तर द्या म्हणाले असते. कुणी आलं नव्हतं. म्हणजे सगळ्या वर्गानं मिळून तोंडं बंद ठेवली होती, घरीसुद्धा.

सर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "मग मी कडी कुणासाठी लावत होतो?"

बाई सरांच्या पायाशी वाकल्या, पाया पडल्या आणि उठून माझ्यासाठी दार उघडून उभ्या राहिल्या.

स्टाफरूममध्ये सगळे वाट बघत होते. इतक्या वर्षांचं बंद दार उघडलं होतं. हिंदीचे सर अबोला विसरून म्हणाले, "काय बाई, काय दिसलं?" मी बाईंकडं बघितलं. दिसलेलं सोडून त्या कधी काही बोलल्या नव्हत्या, आणि खोटं तर त्यांना येतच नव्हतं.

"सर चांगलं शिकवतात," बाई म्हणाल्या, आणि भाकरीची गुंडाळी घेऊन मैदानात गेल्या. चांगलं हा शब्द मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सगळ्यांचा विरस झाला.

कानाच्या डॉक्टरांकडं सरांना मी घेऊन गेले, बारामतीत, आमच्या दुकानाच्या जवळच. अब्बांनी नंतर त्यांना चहा पाजला. दोघं मोठमोठ्यानं हवापाण्याचं बोलत बसले. मशीन आलं त्या दिवशी सरांनी वर्गात ते कानातून काढून सगळ्यांना दाखवलं, पुन्हा घातलं आणि म्हणाले, "हे काय आहे ते विचारा." मुलांनी विचारलं. बॅटरी किती चालते, आंघोळीला काढता का, झोपेत काय ऐकू येतं. कुणी असं म्हणालं नाही, की आम्हाला माहीत होतं. सवयीनं बोटं काही दिवस वर होत राहिली, मग बंद झाली. वर्गाचा आवाज पार आमच्यापर्यंत यायला लागला. दार उघडं असायचं.

हे झाल्यावर सर गप्प बसतील असं आम्हाला वाटलं होतं. ते बाईंना म्हणाले, "आता मी बसणार तुझ्या तासाला." बाईंच्या तासाला आजवर आमच्यापैकी कुणी बसलं नव्हतं. कुणाची हिंमत झाली नव्हती म्हणा, किंवा कुणाला गरज वाटली नव्हती. सरांनी मलाही ओढून नेलं. तास झाला. व्हरांड्यात बाई हात बांधून उभ्या राहिल्या, शाळेत असताना उभ्या राहत असतील तशाच.

"मला हे दिसलं," सर म्हणाले. "मुलं उत्तर द्यायच्या आधी तुझं तोंड वाचतात. तुझी डावी भुवई वर गेली की उत्तर बदलतात. एकानं अर्ध्या वाक्यात बदललं. पहिलं बरोबर होतं."

बाईंचा हात आपोआप भुवईकडं गेला. त्यांनी मला विचारलं, "व्हय का, मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

"आरशात कधी दिसलं न्हाय," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. नवीन गाव नकाशात सापडावं तसा चेहरा झाला होता त्यांचा. थोड्या वेळानं स्वतःशीच पुटपुटल्या, "म्हणजे पोरं भूगोल शिकत नव्हती. भुवई शिकत हुती."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी मागून शिकवायला सुरुवात केली. शेवटच्या बाकामागं उभ्या राहायच्या आणि तिथून बोलायच्या. मुलांची तोंडं फळ्याकडं, बाई पाठीमागं, मान वळवायची नाही असा नियम. पहिले काही दिवस मुलं गोंधळली. कुणाकडं बघून बोलायचं तेच कळेना. मग ती एकमेकांकडं बघून बोलायला लागली, आणि मग वाद घालायला लागली.

त्यातच तपासणी आली. मुख्याध्यापक साहेबांना घेऊन वर्गांतून फिरत होते. मी शेजारच्या वर्गाच्या दारात उभी होते, म्हणून पुढचं मी स्वतः बघितलं. बाईंच्या वर्गात जमिनीला पाणी जास्त दिल्यानं ती सुधारते की बिघडते यावर जुंपली होती. पणदऱ्याहून मामाकडं शिकायला आलेला एक मुलगा म्हणत होता, पाणी हाय म्हणून तर ऊस हाय. एक मुलगी त्याला सांगत होती, की त्यांच्या खालच्या रानावर पांढरा थर आलाय, मीठ फुटलंय, आता तिथं कुसळ उगवत न्हाय, म्हणून तर… साहेब दारात आले. सगळी मुलं खाडकन उभी राहिली.

फळ्यासमोर कुणी नव्हतं. "शिक्षक कुठं आहेत?" साहेबांनी विचारलं.

"मागं हायत, साहेब," ती मुलगी म्हणाली. "त्यांच्या तोंडाकडं बघायचं न्हाय असं ठरलंय."

मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला. साहेब मात्र मागं जाऊन बसले आणि या वेळी त्यांनी मोबाईल काढला नाही. तास संपल्यावर बाहेर येऊन त्यांनी बाईंना विचारलं, की ही काय पद्धत आहे. बाईंनी भुवईचं सांगितलं, जसं घडलं तसं, सरांनी काय बघितलं ते. साहेब हसले. मग, बहुधा गमतीनंच, म्हणाले, "आणि माझ्याबद्दल काही दिसलं का, बाई?"

मुख्याध्यापक पुढं झाले, पण तोवर उशीर झाला होता.

"व्हय," बाई म्हणाल्या. "तुमी आलात तवा पोरं उभी राहिली. त्या पोरीचं वाक्य अर्धं हुतं. बसल्यावर तिनं पुन्हा सुरू केलं न्हाय. मी वाट बघितली. तास संपला."

साहेबांना राग येईल असं आम्हा सगळ्यांना वाटलं. ते वळले, वर्गात डोकावले, पण मुलं मधल्या सुट्टीला पांगली होती. "राहिलेलं अर्धं वाक्य काय होतं?" त्यांनी विचारलं.

"तेच तर आता कळायचं न्हाय," बाई म्हणाल्या.

पुढच्या तपासणीला साहेब कुणाला न कळवता घंटा व्हायच्या आधीच आले. मी प्रार्थनेनंतर मुलांना वर्गात सोडायला गेले, तेव्हा ते शेवटच्या बाकावर बसले होते आणि शेजारी येऊन बसलेली एक मुलगी त्यांना विचारत होती, "तुमी काय बघायला आलाय?"

साहेब विचार करत होते.